कानाने लिहिण्याची विद्या



स्वामी विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात आपल्या जोयड्याच्या शेजारच्या बेळगावी काही दिवस मुक्कामास होते. त्या मुक्कामातील त्यांच्या संभाषणांपैकी आज आपल्या हाती उरल्या आहेत त्या यजमान मंडळींनी मागाहून स्मरणाने सांगितलेल्या मोजक्या आठवणी. पुढे तीनच वर्षांनी, १८९५ च्या अखेरीस, न्यूयॉर्क येथे जे. जे. गुडविन नामक तरुण इंग्रज लघुलेखक त्यांची व्याख्याने टिपून घेण्यास वेतनावर नेमला गेला. तो लवकरच वेतनाची गोष्ट विसरून शिष्य झाला, आणि १८९८ च्या जूनमध्ये, अवघा २७ वर्षांचा असताना, उटकमंड येथे त्याने देह ठेवला. ‘कर्मयोग’ आपल्याला वाचावयास मिळतो तो त्याच्या पेन्सिलीमुळे. लघुलेखनाची थोरवी मला याहून अधिक समर्पक शब्दांत सांगता येणार नाही.

ही विद्या हाताची आहे असा सार्वत्रिक समज असला, तरी चाळीस वर्षांच्या सरावानंतर माझा निश्चय झाला आहे की ती प्रथम कानाची आहे. आयझॅक पिटमन याने १८३७ साली जी पद्धती प्रसिद्ध केली, तिचे मर्मच हे की शब्दाचे स्पेलिंग बाजूस ठेवून उच्चार तेवढा लिहावा; आणि ‘प’ला बारीक रेघ तर ‘ब’ला तीच रेघ जाड, ‘ट’ला बारीक उभी तर ‘ड’ला जाड उभी, ही त्याची योजना पाहिली म्हणजे ज्याने लहानपणी कवर्ग-चवर्ग घोकले आहेत त्या मराठी मनुष्यास अघोष-घोषांचे आपलेच जुने व्याकरण कागदावर रेखाटलेले पाहून मोठा आनंद होतो. वेगाच्या भरात स्वर गाळावे लागतात. ‘म’ आणि ‘न’ एवढाच सांगाडा राहिला की तो मन, मान, मीन की मौन, हे रेघेचे स्थान आणि मागचापुढचा संदर्भ यांवरून ठरवावे लागते. म्हणूनच व्यासांनी गणपतीस घातलेली अट, अर्थ समजल्याखेरीज लिहू नये ही, मला या शास्त्राचे पहिले सूत्र वाटते.

त्वरित लेखनाची हौस आपल्याकडे नवी नाही. फडावरचा कारकून शिरोरेषा आधी ओढून तिच्याखाली मोडी अक्षरे न थांबता सोडीत जाई, ऱ्हस्व-दीर्घाचा विचार करीत नसे, आणि मौजेस ‘मौ॥’, परगण्यास ‘प॥’ लिहून मोकळा होई. ती संपूर्ण लघुलिपी नव्हे. तथापि हात उचलण्यात दवडलेला क्षण वाचवावा, ही बुद्धी दोहोंत एकच आहे.

उपजीविकेच्या अंगाविषयी थोडक्यात सांगतो: परीक्षा आहेत, ऐंशी-शंभर शब्दांचे वेग आहेत, सरकारी दप्तरांत लघुलेखकाची पदेही आहेत, ध्वनिमुद्रणाच्या यंत्राने त्यांची गरज पुष्कळ कमी केली हेही खरे. पण माझ्या दैनंदिन अर्ध्या तासाचे सुख त्यामुळे अणुमात्र उणावलेले नाही. पहाटे रेडिओवरची बातमीपत्रे मी मऊ पेन्सिलीने उतरवितो. बॉलपेनने जाड-बारीक भेद नीट साधत नाही. यंत्र सर्वच साठवून ठेवते. लिहिणाऱ्याला मात्र वाक्य पुरे होईपर्यंत बोलणाराच्या श्वासाबरोबर चालावे लागते, आणि असे निर्व्याज ऐकणे मला अन्य कोणत्याही छंदात लाभलेले नाही.

आपल्या या जोयड्यात तर त्याचे मोल विशेष. एकाच ओसरीवर कोंकणी, मराठी आणि कानडी अशा सरमिसळ चालतात की शुद्धलेखनाने लिहू जाता लेखणी अडखळते. उच्चार टिपणाऱ्या रेघेला मात्र भाषेची हद्द आडवी येत नाही. काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या सुप्यात बालपण काढलेल्या एका आजींनी मला एका दुपारी तिथला बाजार, घाट आणि शेजारपाजार सांगितला. मध्येच त्या कानडीत शिरल्या, पुन्हा कोंकणीत आल्या, दोनदा थांबून रडल्या. त्या दुपारच्या वहीची सतरा पाने भरली. त्यांपैकी अकरा मी आतापर्यंत नागरीत उतरविली आहेत, आणि उरलेल्या सहांतील काही शब्द त्यांनाच पुन्हा वाचून दाखवून ताडून घ्यावयाचे आहेत, म्हणून येत्या रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे.