चंद्राशेजारचा तो तेजस्वी ठिपका
(रेवस येथे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



रेवसच्या धक्क्यावर रात्री उभे राहिले की खाडीपलीकडे करंजाचे दिवे दिसतात आणि त्यामागे उरणच्या बंदराचा व मुंबईचा झगझगाट आकाशावर चढलेला असतो. मंद तारे त्यात केव्हाच बुडाले. परंतु चंद्र, आणि अधूनमधून त्याच्या शेजारी येऊन बसणारा एखादा तेजस्वी ठिपका, या झगझगाटाला दाद देत नाही. तो ठिपका कोणता, असे घरातल्या मुलाने विचारले तर किती घरांतून नेमके उत्तर मिळेल? २४ मार्च २०२३ रोजी, चैत्र शुद्ध तृतीयेच्या संध्याकाळी, शुक्र चंद्रकोरीला अगदी लगटून दिसला. भ्रमणध्वनींवरून छायाचित्रांचा पूर लोटला. कोणी त्याला चमत्कार म्हटले, कोणी शुभसंकेत. घरोघरी भिंतीवर पंचांग टांगलेले असताना ते उघडून पाहावे, असे फारच थोड्यांना सुचले.

वास्तविक हा किनारा ग्रहगणिताचे माहेर आहे. मुरूडजवळच्या नांदगावचे केशव दैवज्ञ यांनी शके १४१८ मध्ये, म्हणजे इ. स. १४९६ च्या सुमारास, 'ग्रहकौतुक' रचले. जुन्या सिद्धांतांवरून काढलेले ग्रह प्रत्यक्ष आकाशातील ग्रहांशी जुळत नाहीत, हे त्यांनी निःसंकोच नोंदवले; आणि पुढील गणकांनी नक्षत्रयोग, ग्रहयोग, उदयास्त डोळ्यांनी पाहून गणित सुधारत जावे, असेही सांगून ठेवले. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये 'ग्रहलाघव' लिहिला. ज्याचापांच्या किचकट गणितावाचून ग्रह काढण्याची त्यातील रीत इतकी सुटसुटीत होती की महाराष्ट्रातील पंचांगे पुढे तीन शतकांहून अधिक काळ तिच्यावरच चालली.

मात्र सोय झाली की पाहणे सुटते. गणितातील बारीक फरक साचत गेला आणि पंचांगातला ग्रह एकीकडे, आकाशातला दुसरीकडे, अशी अवस्था झाली. ती सुधारण्यासाठी कंबर कसली तीही याच किनाऱ्यावरील एका पुरुषाने. रेवसच्याच अलिबाग तालुक्यातील नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांनी पाश्चात्त्य कोष्टकांच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' १८६० मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या गणितावर निघालेल्या पटवर्धनी पंचांगाला जुन्या मंडळींनी विरोध केला. परंतु केरूनानांचे शिष्य लोकमान्य टिळक पंचांगशोधनाच्या पक्षाला उभे राहिले आणि १९०४ मध्ये मुंबईत त्यासाठी परिषदही भरली. परकीयांची कोष्टके घेतली म्हणून केरूनाना परके ठरत नाहीत. केशव दैवज्ञांनी घालून दिलेली आज्ञाच त्यांनी पाळली.

आता प्रत्यक्ष ओळखीकडे वळू. चंद्र रोज सुमारे १३ अंश पूर्वेकडे सरकतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते. ग्रहही जवळपास त्याच वाटेवर असल्याने सुमारे २७ दिवसांच्या फेरीत चंद्र प्रत्येक ग्रहाजवळून जातो. तेव्हा आधी तिथी पाहावी. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांहून फारसा दूर जात नाही आणि एक तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातील १२ अंशांचे अंतर. म्हणून शुद्ध पंचमीनंतर आणि वद्य एकादशीपूर्वी चंद्राशेजारी दिसणारा ग्रह शुक्र नव्हे, असे बेलाशक सांगावे. बुध तर त्याहूनही सूर्याला चिकटलेला. तो तृतीयेच्या आतल्या बारीक कोरेजवळ, क्षितिजालगत शोधावा लागतो. पौर्णिमेच्या चंद्राजवळ ग्रह असेल तर तो मंगळ, गुरू वा शनी यांपैकीच असणार. तेव्हा तो सूर्याच्या समोर असतो, सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि आपल्या पूर्ण तेजात असतो.

या तिघांत गुरू शुभ्र व सर्वांत ठळक, मंगळ तांबूस, शनी फिकट पिवळसर आणि शांत. मंगळाचे तेज मात्र दर दोन-सव्वादोन वर्षांनी वाढते, एरवी तो साधाच दिसतो. गुरू एका राशीत साधारण वर्षभर आणि शनी अडीच वर्षे राहतो. त्यामुळे एकदा जागा ध्यानात ठेवली की पुढे शोध सोपा. साडेसाती हा शब्द याच अडीच वर्षांच्या तिपटीतून आलेला आहे. तिला भिणाऱ्यांपैकी शनी डोळ्यांनी पाहिलेले किती निघतील?

एक चकवा तेवढा सांभाळावा. रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा हे ठळक तारेही चंद्राच्या वाटेवरच आहेत. रोहिणी व ज्येष्ठा तांबूस असल्याने मंगळ म्हणून हमखास फसवतात. तारे लुकलुकतात, ग्रहाचा प्रकाश स्थिर असतो. तरीही क्षितिजाजवळ दमट हवेत ग्रहही थरथरतो, म्हणून तो पुरेसा वर येईपर्यंत थांबावे. मग पंचांग उघडून चंद्र त्या रात्री कोणत्या नक्षत्रात आहे, कोणत्या ग्रहाशी त्याची युती दिली आहे, हे ताडून पाहावे.

ग्रह गुरू ठरला तर साधी द्विनेत्री धक्क्याच्या कठड्यावर टेकवून त्याच्याकडे रोखावी. त्याच्या दोन्ही अंगांना एका रेषेत तीन-चार बारीक ठिपके दिसतील. ते त्याचे चंद्र. सलग चार रात्री मुलांकडून त्यांच्या जागा वहीत टिपून घ्याव्यात. त्या चौघांतला सर्वांत आतला चंद्र गुरूभोवतीची फेरी अवघ्या पावणेदोन दिवसांत पुरी करतो.