उजेड कुठून येतो?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या विहाराचा व्हरांडा काढून हॉल वाढवावा, अशी सूचना आली आहे. जागा कमी पडते, हे खरंच आहे. पण ठरवण्याआधी आम्ही पाहिलेलं कार्ल्याचं चैत्यगृह सांगतो.

लेणं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. आधी व्हरांडा, मग तीन दारं, मग आत. उन्हातून आलेल्या माणसाचे डोळे व्हरांड्यात निवतात, बोलणं आपोआप हळू होतं. आत सुमारे १२४ फूट लांबी. दोन्हीकडे खांबांच्या रांगा, त्यांच्यामागे अंधार. दारावरच्या पिंपळपानी गवाक्षातून उजेड मधोमध उतरतो अन् नजर सरळ स्तूपाकडे जाते. यात चमत्कार नाही, बांधणाऱ्यांचा विचार आहे. दार घडवणाऱ्या सामी नावाच्या सुताराचं नावही तिथे कोरलेलं आहे.

आपली पोरं व्हरांड्यात चपला काढतात, तिथेच त्यांचा गलका थांबतो. म्हणून आमची विनंती एवढीच : हॉल मागच्या बाजूनं वाढवू, व्हरांडा राहू द्या. आणि वंदनेच्या वेळी मूर्तीसमोरच्या ट्यूबलाइट बंद करून वरची खिडकी उघडू.

नमो बुद्धाय! जयभीम!