दहा हजार सायकली

१० डिसेंबर २०२४ रोजी एस. एम. कृष्णा बंगळूर येथे सदाशिवनगरातील आपल्या घरी निवर्तले. कर्नाटकाचे मुख्यमंत्री असताना त्यांनी बंगळूरला संगणकनगरीचे रूप देण्यासाठी केलेले प्रयत्न सर्वांना ठाऊक आहेत. महाराष्ट्राने तर त्यांना २००४ ते २००८ या काळात राज्यपाल म्हणून पाहिले. पुढे २००९ ते २०१२ पर्यंत ते परराष्ट्रमंत्री होते. त्या काळात भारताने श्रीलंकेच्या उत्तर प्रांतातील विस्थापितांना जे साह्य देऊ केले, त्यात दहा हजार सायकली होत्या.

पन्नास हजार घरे, पाचशे ट्रॅक्टर, रेल्वेमार्गाची पुनर्बांधणी अशा भारदस्त यादीत सायकल सहज हरवते. सरकारी टिपणात तिच्या वाट्याला फार तर एक ओळ येते. परंतु त्या प्रदेशात सायकल म्हणजे काय, हे समजावयास थोडे मागे गेले पाहिजे.

जाफना द्वीपकल्प तळहातासारखे सपाट आहे. बंगळूरचे चढउतार तेथे नाहीत. १९८३ साली पेटलेल्या यादवी युद्धात, विशेषतः १९९० नंतर, उत्तरेकडे जाणाऱ्या पेट्रोलवर आणि रेडिओच्या सेलवरही सरकारने बंदी घातली. वीज गेलेलीच होती. उरल्यासुरल्या मोटारी रॉकेलवर धापा टाकीत चालत. मग सरपण, भाजी, शाळकरी मुली, प्रसंगी आजारी माणूसही, सारे सायकलीवरून जाऊ लागले. सायकल स्टँडवर उभी करून एकाने पायडल मारावे, दिव्याचा डायनमो फिरावा, आणि त्या विजेवर रेडिओ बोलू लागावा, अशीही युक्ती लोकांनी काढली. पाय थांबले की बातमी थांबे! बातम्या ऐकावयास इतके कष्ट घेणारे श्रोते जगात थोडेच असतील.

मे २००९ मध्ये मुळ्ळिवाय्क्काल येथील समुद्रकाठच्या चिंचोळ्या पट्टीत युद्ध संपले. जे हाती लागले ते सायकलीवर लादून माणसे तेथवर आली होती, आणि सायकली तेथेच टाकून त्यांना जीव वाचवावा लागला. गंजलेल्या सायकलींचे ढीग पुढे कितीतरी दिवस त्या वाळूत पडून होते. माणसे मात्र, सुमारे तीन लाख, छावण्यांत गेली. वावुनियाजवळची मेनिक फार्म ही त्यांतील सर्वांत मोठी छावणी सप्टेंबर २०१२ मध्ये बंद झाली.

परतलेल्या माणसाच्या घराला छप्पर नव्हते, शेतात सुरुंग होते, शाळा व दवाखाना कोसांवर. मासे धरले तरी ते नासण्यापूर्वी बाजारात पोचविणार कसे? सायकलीला तेल लागत नाही, आणि पंक्चर झाडाखाली बसून काढता येते. दहा हजारांचे मोल ते हेच.

पण दहा हजार म्हणजे तिसांत एक. सायकली विकत घेणे सोपे, यादी करणे कठीण, हे सरकारी कचेरीत दिवस काढलेल्या कोणालाही पटेल. जिचा नवरा मेला तिचे नाव घालता येते. ज्याचा ठावठिकाणाच नाही, त्याच्या बायकोचे काय करावयाचे? अशा स्त्रिया तेथे हजारांनी होत्या. शिवाय देणारा परका नव्हता. १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेना त्याच भूमीवर लढली होती. सुमारे बाराशे भारतीय सैनिक तेथे पडले, आणि जाफनातील निरपराध माणसेही त्या लढाईत मेली. कृष्णांनी नोव्हेंबर २०१० मध्ये जाफना येथे भारताच्या वाणिज्य दूतावासाचे उद्घाटन केले आणि अरियालै येथे घरबांधणीचा आरंभ केला, तेव्हा ही आठवण पुसली गेली नव्हती. ती एका सायकलीने पुसली जाईल, अशी अपेक्षा करणेही योग्य नव्हे.

२०२२ साली श्रीलंकेची तिजोरी रिती झाली. पेट्रोलसाठी कोलंबोत दिवसचे दिवस रांगा लागल्या, सायकलींचे भाव भडकले आणि राजधानीतील नोकरदार माणसेही पायडल मारू लागली. जाफनाच्या लोकांना ती विद्या नव्याने शिकावी लागली नाही.