बांधणाऱ्यांची फौज
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



कमिटीने मला दहा मिनिटं दिली आहेत. निवृत्त बँकवाला म्हणजे व्याजदरावर बोलणार, अशी काहींना धास्ती असेल. तसं काही नाही. आज गोष्ट सांगणार आहे ती गवंडी, सुतार, प्लंबर आणि वेल्डर यांच्या फौजेची.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली डिसेंबर १९४१ मध्ये. त्या वेळी पॅसिफिक महासागरातल्या वेक बेटावर नौदलाचा तळ बांधायला कंत्राटदारांची सुमारे अकराशे माणसं होती. सगळे साधे नागरिक. जपान्यांनी हल्ला केला. पंधरा दिवस बेट झुंजलं, २३ डिसेंबरला पडलं. कामगारांपैकी काहींनी सैनिकांच्या खांद्याला खांदा लावला, पण अंगावर गणवेश नाही. नागरिकाने शस्त्र उचललं तर त्याला युद्धकैद्याचं संरक्षण मिळेलच याची खात्री नसते. पुढे बहुतेकांची रवानगी छावण्यांत झाली. कामासाठी बेटावर ठेवलेल्या ९८ जणांना जपान्यांनी ऑक्टोबर १९४३ मध्ये ठार मारलं.

नौदलाच्या बांधकाम खात्याचे प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल बेन मोरील यांनी ठरवलं, की बांधणाऱ्यालाच सैनिक करायचं. जानेवारी १९४२ मध्ये मंजुरी मिळाली आणि बांधकाम पलटणी उभ्या राहिल्या. ‘कन्स्ट्रक्शन बटालियन’ची आद्याक्षरं सी आणि बी, त्यावरून नाव पडलं सीबीज, म्हणजे समुद्रातल्या मधमाश्या! भरती मुख्यतः नौदलाच्या राखीव दलात झाली. सुरुवातीच्या जवानांचं सरासरी वय किती असेल? ३७! धरणं आणि गगनचुंबी इमारती बांधलेली, हात बसलेली माणसं ती. हुद्दा आणि पगार ठरवताना त्यांचा अनुभव धरला गेला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्यांची खरी परीक्षा झाली ग्वाडलकॅनाल बेटावर. सप्टेंबर १९४२ मध्ये सहावी पलटण तिथे उतरली. काम एकच, धावपट्टी चालू ठेवायची. जपानी विमानं येऊन बॉम्ब टाकत, खड्डे पडत, आणि आपली विमानं इंधन संपत आलं तरी वर घिरट्या घालत बसत. या लोकांनी काय केलं, तर आधीच हिशेब मांडला. कोणत्या बॉम्बचा खड्डा केवढा, त्यात माती-खडी किती ट्रक बसते. तेवढे ट्रक भरून धावपट्टीच्या कडेला उभे. वर अंथरायच्या भोकं पाडलेल्या पोलादी पट्ट्याही मोजून तयार. हल्ला आला की प्रत्येक जण आपापल्या जागेवर, अगदी स्वयंपाकीसुद्धा. पाचशे पौंडी बॉम्बचा खड्डा शंभर माणसं चाळीस मिनिटांत बुजवून पट्ट्या पुन्हा बसवत! आम्ही बँकेत रोज संध्याकाळी ताळा जुळवायचो, त्यामुळे या हिशेबाचं मला भारी कौतुक. फरक एवढाच, की आमच्या डोक्यावर बॉम्ब पडत नव्हते.

युद्ध संपेपर्यंत सुमारे सव्वातीन लाख माणसं या दलात काम करून गेली. पॅसिफिकमध्ये त्यांनी १११ मोठ्या धावपट्ट्या बांधल्या. त्यांच्या ब्रीदाचा अर्थ, ‘आम्ही बांधतो, आम्ही लढतो.’

आता तुम्ही म्हणाल, काका, याचा आपल्या सोसायटीशी काय संबंध? सांगतो. पंचवीस वर्षं झाली, इमारतीला आता गळतीची आणि रंगाची मोठी कामं निघणार. परांचीवर सातव्या मजल्यापर्यंत जी मुलं चढतील, ती आपल्या कुठल्याच रजिस्टरात नसतात. त्यांचा विमा आहे का, कमरेला पट्टा आहे का, हे विचारायचं कोणी? वेकच्या कामगारांना त्यांचं काम संपायच्या आत कोणी सुरक्षित केलं नाही, आणि सीबीजना गणवेश मिळाला तो त्यानंतर. आपण आधीच करू या. कंत्राट देताना कामगारांच्या विम्याची कागदपत्रं पाहिल्याशिवाय सही करायची नाही, असा ठराव मी पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे. जेवण झाल्यावर भेटा!