खोलीतील पानफुटी
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



विषयाची निवड चिटणिसांनी आमच्यावरच सोपविली, तेव्हा एखादा गहन विषय घेण्याचा मोह आम्ही आवरला. आमचे सारे आयुष्य प्राथमिक शाळेत खडू-फळ्यापाशी गेले. म्हणून खिडकीत मावेल एवढ्या एका रोपाविषयीच चार शब्द सांगावे असे योजिले आहे. आज आपल्यातील पुष्कळ वृद्ध दांपत्ये शहरात दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात एकटीच राहतात. मुले-सुना परगावी, कित्येकांची परदेशी. अंगण गेले, वृंदावन गेले. अशा घरात सकाळी उठून ज्याची विचारपूस करावी असे काही जिवंत असणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. आणि तेच रोप महिन्याभरात कुजून गेले म्हणजे होणारी खंतही क्षुल्लक नव्हे.

आम्ही सुचवितो ती पानफुटी. वैद्य लोक हिला पर्णबीज म्हणतात. नाव इतके आपले, परंतु मूळची ही मादागास्करची. जाड, रसरशीत पाने, कडेला खाचा, आणि त्या खाचांतून इवलाली रोपे फुटतात. जर्मन महाकवी गटे याला या वनस्पतीचा मोठा लळा होता. तिची पाने तो स्नेह्यांना भेट म्हणून पाठवीत असे. आम्ही वर्गात हेच पान मुलांच्या हाती देत असू. बीवाचून रोप कसे होते, हे सांगण्यास दुसरे साधन लागत नसे.

हिच्या निगेचे मर्म हिच्या एका विलक्षण सवयीत आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत मद्रासकडे असलेल्या बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने हिची पाने चाखून पाहिली. पहाटे ती आंबट लागत, दुपारी बेचव, आणि संध्याकाळकडे किंचित कडवट. त्याची ही नोंद लंडनच्या लिनियन सोसायटीने 1815 साली छापली. कारण पुढे उलगडले. बहुतेक झाडे आपली पर्णरंध्रे दिवसा उघडतात. ही बहुतांशी रात्री उघडते. रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन तो आम्लाच्या रूपाने साठविते, आणि दिवसा रंध्रे मिटून, त्याच साठ्यावर सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. उन्हात तोंड मिटलेले असल्याने पाणी फारसे उडून जात नाही. (यावरून खोलीतील हवा शुद्ध होते असे सांगणारे भेटतात; एका कुंडीने तेवढे होत नाही.)

म्हणजे ही स्वभावाने काटकसरी. तिला रोज तांब्याभर पाणी घालणे म्हणजे जेवून उठलेल्या पाहुण्यास पुन्हा पाटावर बसविणे होय. घरातील पानफुटी बहुधा तहानेने मरत नाही, मायेने मरते. मुळांशी पाणी साचले की त्यांना हवा मिळत नाही व ती कुजतात. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी घालू नये. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदाही पुष्कळ होते. पाने पिवळी, लिबलिबीत झाली तर पाणी अधिक झाले. सुरकुतली, पातळ झाली तर कमी. घालायचे तेव्हा मात्र तळाच्या छिद्रातून वाहीपर्यंत घालावे आणि बशीतील पाणी ओतून टाकावे. कुंडी मातीची, सच्छिद्र असावी. चिनी मातीचे शोभिवंत, बिनछिद्राचे भांडे कितीही सुबक दिसले तरी ते या रोपाचे मरण आहे. नुसती काळी माती घेऊ नये. तीत निम्मी जाड रेती वा विटांचा चुरा मिसळावा.

जागा पूर्वेच्या खिडकीची उत्तम. प्रकाश कमी पडला तर काठी लांबते, पाने विरळ होतात, आणि रोप खिडकीकडे मान वाकविते. आठवड्यास कुंडी थोडी फिरवावी. देठांशी कापसासारखी पांढरी कीड दिसल्यास साबणाच्या पाण्याने पुसून काढावी. फुले, घंटेसारखी लोंबणारी, हिवाळ्यात येतात. खोलीत ती क्वचितच दिसतात, त्याची आस धरू नये.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगणे आम्हांस अवश्य वाटते. मुतखड्यावर ही पाने खावी असे घरोघर सांगितले जाते. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ या भरवशावर कित्येक महिने दुखणे अंगावर काढीत राहिले, आणि अखेर शस्त्रक्रियेची पाळी आली. या जातीच्या वनस्पतींत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात; ऑस्ट्रेलियात त्या चरून गुरे दगावली आहेत. हाइनने चाखले म्हणून आपण चाखू नये. लहान नातवंडे किंवा मांजर घरात असेल तर कुंडी उंचावर ठेवावी, आणि खड्याचे दुखणे डॉक्टरांस दाखवावे.

सभागृहाच्या दाराशी टोपलीत पाने ठेविली आहेत. प्रत्येक कुटुंबाने एक न्यावे. ते पुरू नये. दमट रेतीवर नुसते आडवे ठेवावे, सावलीत. काही आठवड्यांत कडेला मुळे व बारीक पाने दिसतील. रोप बोटाच्या पेराएवढे झाले, म्हणजे अलगद सोडवून लहान कुंडीत लावावे. मूळ पान सुकून जाईल. ते तसेच जाऊ द्यावे.