तिला आग्रह करू नका

आमच्या बचत गटातल्या एका ताईंचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. जठराचा मोठा भाग काढला, उरली केळ्याएवढी नळी. डॉक्टरांनी आधी पातळ, मग मऊ खायला सांगितलेलं. पण सासूबाईंनी मायेनं भाकरी वाढली, ‘अजून एक घास’ केलं, आणि ताईंना उलट्या झाल्या. सासूबाईंना तरी काय बोलणार, आपल्याकडे माया म्हणजे आग्रहच!

आता त्या वाटीभरच जेवतात. आधी अंडं किंवा घट्ट वरण, मग भात. बारीक चावून. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासानं. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या मात्र कायमच्या. मध्यंतरी ‘बरं वाटतंय’ म्हणून त्यांनी त्या बंद केल्या, तर काही महिन्यांत धाप लागायला लागली. रक्त कमी झालं होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्यासाठी लाडू नाही, मी उकडलेली मटकी ठेवणार आहे.