बत्तीस कवळांचा हिशोब
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्यासपीठावरून बोलण्याचा माझा अधिकार किती, याची मला पूर्ण जाणीव आहे. मी पंडित नाही आणि वैद्यही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि त्यानंतर चाळीस वर्षे कापडाचे तागे उलगडले व गुंडाळले, एवढीच माझी विद्या. तरीही विश्वस्तांनी ‘आहार आणि आरोग्य’ या विषयासाठी माझी निवड केली, ती बहुधा माझे पूर्वीचे आणि आताचे पोट या दोहोंची तुलना करूनच केली असावी.

आज आपल्या घराघरांत एक वाद ऐकू येतो. वजन उतरवायचे तर आठवड्यातील काही दिवस उपाशी राहून बाकीचे दिवस नेहमीप्रमाणे जेवावे, की रोजच थोडे कमी जेवावे? तरुण मंडळी पहिल्या मार्गाला ‘इंटरमिटंट फास्टिंग’ म्हणतात. आपल्याला हे दोन्ही मार्ग नवे नाहीत. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत पहिले अनशन आणि दुसरी ऊणोदरी. पहिल्याचा आपण वरघोडा काढतो, दुसरीची मात्र आठवणही ठेवत नाही.

प्रथम माझीच चूक सांगतो. २०२१ च्या चातुर्मासात मी दिवसाआड एकासणे सुरू केले. त्या वेळी माझे वजन ८६ किलो होते आणि मधुमेह जडून नऊ वर्षे झाली होती. लोकांना मी तप म्हणून सांगत असे. परंतु दर रविवारी सकाळी वजनकाट्यावर उभा राहत असे, हेही तितकेच खरे. चार महिन्यांनी काटा ८६ वरून साडेशहाऐंशीवर गेला! कारण उघड होते. एकदाच जेवायचे म्हणून त्या एका ताटात तूप लावलेले सहा फुलके, शिरा आणि वर मूठभर सुका मेवा असे. दुसऱ्या दिवशी नवकारसी होताच जणू थकलेली उधारी वसूल करावी तसे माझे खाणे सुरू होई. रोजमेळात बचत दिसत होती, ताळेबंदात मात्र तोटाच होता.

वजनापेक्षा गंभीर गोष्ट पुढे घडली. एकासण्याच्या एका दिवशी साखर उतरवणारी गोळी मी नेहमीप्रमाणे सकाळी घेतली. जेवण दुपारी एक वाजता व्हायचे होते. बाराच्या सुमारास गिऱ्हाइकासमोर कापड मोजत असता अंगाला दरदरून घाम सुटला, मीटरपट्टी हातातून गळाली, भाव विचारला तर तोंडातून आकडा फुटेना. आमच्या वृद्ध मुनीमजींनी साखरेचे पाणी पुढे केले. पच्चक्खाण मोडेल म्हणून मी हातानेच नाही म्हटले. त्या भल्या माणसाने माझे न ऐकता ते जबरदस्तीने पाजले. दवाखान्यात तपासणी झाली तेव्हा, म्हणजे साखर पोटात गेल्यानंतरही, रक्तातील साखर ५२ होती. डॉक्टर म्हणाले, “शेठजी, तुमचे जेवण एक वाजता आहे हे त्या गोळीला ठाऊक नसते.”

पच्चक्खाण मोडल्याची रुखरुख घेऊन मी महाराजसाहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावले की, पच्चक्खाणाच्या पाठातच आगार, म्हणजे सवलती, सांगितलेल्या आहेत. तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची मुभा त्यातच आहे. मग त्यांनी विचारले, “तप निर्जरेसाठी करत होता की काट्यासाठी?” मला उत्तर देता आले नाही.

आमच्या सूनबाई आहारशास्त्राच्या पदवीधर आहेत. या विषयावर जगात काय संशोधन झाले आहे, ते त्यांनी मला समजावून दिले. त्यातील हिशोब आपणांपुढे ठेवतो.

शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात १०० स्थूल व्यक्तींवर वर्षभर चाललेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या सहा महिन्यांत एका गटाने एक दिवस गरजेच्या २५ टक्के आणि दुसऱ्या दिवशी १२५ टक्के उष्मांक घ्यायचे होते. दुसऱ्या गटाने रोज ७५ टक्के घ्यायचे होते. तिसऱ्या गटाला काहीच पथ्य नव्हते. वर्षअखेर या तिसऱ्या गटाच्या तुलनेत पहिल्याचे वजन ६ टक्के, तर दुसऱ्याचे ५.३ टक्के कमी होते. हा फरक नगण्य मानला गेला. मात्र प्रयोग मध्येच सोडणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३८ टक्के, तर दुसऱ्यात २९ टक्के होते. गंमत अशी की, पहिल्या गटातील मंडळी उपवासाच्या दिवशी ठरल्यापेक्षा जास्त आणि जेवणाच्या दिवशी ठरल्यापेक्षा कमी खात होती. म्हणजे अनशनास निघालेले नकळत ऊणोदरीकडे वळले होते!

आपल्या चौविहाराशी मिळताजुळता प्रयोग चीनमधील ग्वांगझौ येथे झाला व २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. १३९ व्यक्तींना सारखेच मोजके उष्मांक देण्यात आले. पैकी एका गटाने सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात जेवायचे. वर्षभरात त्यांचे सरासरी ८ किलो उतरले आणि वेळेचे बंधन नसलेल्यांचे ६.३ किलो. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. उलट, २०२० मधील एका अमेरिकन प्रयोगात मोजमाप काहीच न ठेवता केवळ दुपारी बारा ते रात्री आठ या वेळेतच जेवण्यास सांगितले होते. बारा आठवड्यांत त्या गटाचे वजन एक किलोही उतरले नाही. माझ्या एकासण्याचे नेमके हेच झाले होते.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या प्रयोगात १६५ व्यक्ती होत्या. एका गटाने आठवड्यातील तीन दिवस ८० टक्के आहार कमी करायचा, दुसऱ्याने रोज सुमारे ३४ टक्के. गणित मांडून पाहा, आठवड्याची तूट दोन्हीकडे सारखीच येते. तरीही वर्षअखेर पहिल्या गटाचे वजन ७.६ टक्के उतरले आणि दुसऱ्याचे ५ टक्के. त्याच वर्षी ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ९९ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात दोन्ही मार्ग जवळपास समान ठरले. फक्त दिवसाआडच्या उपवासाला सुमारे सव्वा किलोची आघाडी मिळाली.

या साऱ्याचे तात्पर्य व्यापाऱ्याच्या भाषेत एवढेच की, उष्मांकांची रक्कम एकरकमी वाचवा किंवा रोजच्या हप्त्याने वाचवा. शिल्लक साधारण सारखीच राहते. ज्याला जो मार्ग वर्षानुवर्षे पेलेल, तो त्याचा. भरल्या ताटावरून अर्धपोटी उठणे ज्याला जमत नाही, त्याला ठरावीक दिवस पाळणे सोपे जाते. माझ्यासारख्या गोळ्या घेणाऱ्याला रोजची मर्यादा अधिक सुरक्षित ठरली.

आता आपल्या परंपरेकडे पाहा. आगमांत पुरुषाचा पूर्ण आहार ३२ कवळ आणि स्त्रीचा २८ कवळ सांगितला आहे. त्याहून एक कवळ जरी कमी घेतला तरी ती ऊणोदरी. त्यात २४ कवळांची ऊणोदरीही आहे. बत्तीसातून आठ गेले, म्हणजे बरोबर पाव हिस्सा कमी. शिकागोच्या रोज ७५ टक्के घेणाऱ्या गटाचा हिशोब याहून वेगळा नव्हता! आपल्या पूर्वाचार्यांपुढे वजनकाटा नव्हता आणि त्यांचा हेतूही वजन उतरवण्याचा नव्हता, हे मी विसरत नाही. तरी पोटाची थोडी जागा जाणूनबुजून रिकामी ठेवण्याची ती शिस्त आपल्याच घरची आहे.

मी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्यांची मात्रा बदलून घेतली. चार फुलक्यांचे तीन केले, शिरा सणापुरता ठेवला, डाळ-दही कमी होऊ दिले नाही आणि रोज पाऊण तास चालू लागलो. कारण वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि आमच्या वयात ते परत मिळवणे कठीण असते. चौदा महिन्यांत वजन ७९ वर आले आणि आजही तेथेच आहे. सात किलो म्हणजे फार मोठी मजल नव्हे. परंतु दुकानाच्या माळ्यावर आता न थांबता चढतो.

शेवटी दोन नम्र विनंत्या. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वी महाराजसाहेबांची आज्ञा आणि डॉक्टरांचा सल्ला, दोन्ही घ्यावे. घरातील गर्भवती, लेकरे आणि अशक्त वृद्ध यांना उपवासाचा आग्रह करू नये. दुसरी विनंती, आहाराच्या नियमाला तपाचे नाव देऊ नये. वजनासाठी कमी जेवणे यात काहीच गैर नाही, मात्र त्याला पथ्यच म्हणावे. तप आत्म्याच्या खात्यावर, पथ्य देहाच्या खात्यावर. दोन खात्यांची सरमिसळ केली की वह्या बिघडतात, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो. ज्यांच्या अठ्ठाई आणि वर्षीतप निर्मळ भावाने पार पडले, त्या तपस्वींना माझे त्रिवार वंदन.

माझ्या बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!